पेट्रोल-हवेचा हिशेब कोणी ठेवायचा?

मे महिन्यातली दुपार. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला एका छोट्या गॅरेजात मिस्त्रींनी आरएक्स १०० मोटरसायकलचा कार्बोरेटर खोलून जुन्या वर्तमानपत्रावर मांडला होता. खालची वाटी काढली, तळाशी साचलेलं पिवळट पेट्रोल फडक्यावर ओतलं, आणि मधला पितळी जेट चिमटीत धरून दाराच्या उजेडाकडे नेला. करंगळीच्या नखाएवढा तुकडा, त्यात सुईच्या टोकाएवढं भोक. एक डोळा मिटून ते त्या भोकातून बाहेरचं ऊन बघत होते. "मालक, गाडीचा जीव इथं आहे," ते म्हणाले. "भोक केसभर मोठं झालं तर प्लग काळा, केसभर लहान झालं तर पिस्टन जाम."

शेजारी एक पोरगा उभा होता. घरात जुनी मारुती ८०० पडून आहे, तिला ड्रॅगच्या शर्यतीसाठी तयार करायचंय म्हणाला. त्याचा प्रश्न एकच होता: कार्बोरेटर ठेवू की फ्युएल इंजेक्शन बसवू? मिस्त्री लगेच काही बोलले नाहीत. जेट पुन्हा जागेवर बसवला, हात पुसले आणि उलट विचारलं, "मोजायला काय आहे तुझ्याकडं?"

या प्रश्नाचा अर्थ मला नीट कळायला बरेच दिवस गेले. आज वाटतं, सगळं उत्तर त्यातच होतं.

ड्रॅगची शर्यत दिसायला सोपी असते. सरळ पट्टी, दोन गाड्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. आपल्या जवळचं ठिकाण म्हणजे लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीची धावपट्टी. तिथं ‘व्हॅली रन’ या नावानं अशा शर्यती झाल्या आहेत. वळण नाही, चढ-उतार नाही, पावसात चालवायची कसरत नाही. सगळा खेळ मोजक्या सेकंदांचा, आणि त्या सेकंदांत इंजिनाला हवं असतं योग्य प्रमाणातलं पेट्रोल आणि हवा. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पूर्ण ताकद हवी असेल तर मिश्रण थोडं रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवतात, साडेबारा ते तेराच्या आसपास. एवढाच हिशेब आहे. तो कार्बोरेटर एका रीतीनं मांडतो, इंजेक्शन दुसऱ्या.

कार्बोरेटरची रीत वाऱ्याच्या ओढीवर चालते. मधोमध आवळलेल्या नळीतून हवा वेगानं गेली की तिथला दाब उतरतो. खालच्या वाटीतलं पेट्रोल त्या ओढीनं जेटमधून वर चढतं आणि फवारा होऊन हवेत मिसळतं. वाटीतली पातळी फ्लोट सांभाळतो. पातळी उतरली की पिन उघडते, भरली की बंद होते. वायर नाही, सेन्सर नाही. बॅटरी बसलेली जुनी मोटरसायकलसुद्धा किकवर सुरू होते याचं एक कारण हेच. पिकअप कमी वाटला की मिस्त्री जेटमधल्या पिनेची खाच बदलतात, आयडलिंग बिघडलं की एअर स्क्रू पाव फेरा फिरवतात. १९८५ ते १९९६ या काळात आलेली ९८ सीसीची आरएक्स १०० अजून ड्रॅगवाल्यांच्या जिभेवर आहे. टू-स्ट्रोकच्या हलक्या वजनाचा त्यात वाटा आहेच, पण तिचा कार्बोरेटर कोणत्याही गल्लीत खोलता येतो हेही तितकंच खरं.

या साध्या यंत्राची एक अडचण आहे. त्याला आजचा दिवस कळत नाही. थंडीत सकाळी १५ अंशांना बसवलेला जेट मे महिन्यात ४२ अंशांनाही तोच असतो. त्या उन्हात हवा साडेआठ टक्क्यांच्या आसपास विरळ झालेली असते. इंजिनात हवा कमी जाते, पेट्रोल मात्र तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही, आणि गाडी रिच होऊन जड वाटू लागते. सोलापूरचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला हे पुस्तकात वाचायची गरज नाही. दुपारी दोनला गाडीचा आवाजच वेगळा येतो.

दुसरा बदल टाकीतच झाला. आपला जिल्हा ऊस आणि साखर कारखान्यांचा. त्याच कारखान्यांमधून इथेनॉल निघतं आणि पंपावर २० टक्के मिसळलेलं पेट्रोल बनून परत येतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, किलोमागे साधारण नऊ किलो. त्यामुळे तेवढीच हवा वापरायची तर वीस टक्क्यांच्या मिश्रणाला जेटमधून आठेक टक्के जास्त इंधन सुटायला हवं. जुन्या पेट्रोलसाठी कोरलेला जेट ते सोडत नाही. गाडी लिन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालते, आणि टू-स्ट्रोक लिन चालली की पिस्टनवरची उष्णता वाढत जाते. ड्रॅगमध्ये फुल थ्रॉटलवर हे घडलं तर इंजिन जाम होतं. जुन्या रबरी नळ्या आणि सीलही इथेनॉल सहन करत नाहीत. ज्या उसानं जिल्हा उभा केला त्याच उसासाठी आता जेट बदलावा लागतो. ही जाणीव प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाला असायला हवी.

इंजेक्शन हा हिशेब मोजून मांडतं. आत किती हवा येतेय, ती किती तापलीय, थ्रॉटल किती उघडलाय, क्रँक कुठं आहे, हे सेन्सर सांगतात. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, त्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर मिश्रणाची खबर परत देतो. साध्या चालीत ऊन, थंडी, इथेनॉल, घाटाची उंची हे बदल गाडी स्वतः समजून घेते. फुल थ्रॉटलला मात्र बहुतेक ईसीयू त्या सेन्सरकडं न बघता आधी लिहून ठेवलेल्या इंधनाच्या नकाशावर चालतात. म्हणजे ड्रॅगच्या पट्टीवर तो नकाशा कुणीतरी नीट लिहिलेला असावाच लागतो. इंजेक्शन बसवलं की ट्युनिंगची कटकट संपली, हा समज इथंच फसतो.

महाराष्ट्रातच ही निवड मोठ्या प्रमाणावर एकदा झाली होती. बजाजनं २००७ मध्ये पल्सर २२० डीटीएस-एफआय आणली. त्या काळात इंजेक्शनची भारतीय मोटरसायकल ही मोठी गोष्ट होती. मग २००९ मध्ये हीच गाडी कार्बोरेटर लावून डीटीएस-आय म्हणून आली. किंमत उतरली, ताकद २० पीएसवरून २१ पीएस झाली, आणि जाहिरात झाली ती सर्वात वेगवान भारतीय गाडी म्हणून. इंजेक्शनकडून कार्बोरेटरकडं गेलेली गाडी जास्त पळाली! नंतर १ एप्रिल २०२०पासून देशभर धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि त्याच २२०ला पुन्हा इंजेक्शन लागलं. यातून मला एक गोष्ट पक्की समजली. नुसत्या ताकदीचा प्रश्न असेल तर चांगला लावलेला कार्बोरेटर कुठंच मागे नाही. धुरात काय जातं आणि रोज तेच मिश्रण मिळतं का, असा प्रश्न आला की इंजेक्शन पुढं निघून जातं.

अमेरिकेत, जिथं ड्रॅग हा मोठा व्यावसायिक खेळ आहे, हीच गोष्ट आणखी ठळक दिसते. तिथल्या एनएचआरए या संस्थेच्या प्रो स्टॉक वर्गात ५०० घन इंचांची, म्हणजे सव्वाआठ लिटरच्या आसपासची इंजिनं दशकानुदशकं दोन अवाढव्य कार्बोरेटरवर पळाली. २०१६च्या हंगामापासून नियमानं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं. तोवर तिथल्या लोकांनी कार्बोरेटरमधून ताकदीचा जवळजवळ शेवटचा थेंब काढला होता. त्याला एक कारण आहे: कार्बोरेटरमध्ये पेट्रोल लवकर मिसळतं, वाफ होताना आतली हवा थंड करतं, आणि थंड हवा जास्त मावते.

आता मारुतीकडं येऊ. ८०० ही गाडी १९८३मध्ये आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर. २०००च्या सुमारास तिलाच एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शन, मिळालं. म्हणजे एकाच नावाची गाडी दोन्ही रूपांत सापडते. ड्रॅगमध्ये पहिल्या झटक्याला गाडी मागे बसते, वाटीतलं पेट्रोलही मागे सरकतं, आणि जेट क्षणभर कोरडा पडू शकतो. फ्लोटची पातळी त्यासाठी पाहावी लागते. इंजेक्शनला ही अडचण येत नाही, कारण पेट्रोल दाबाखाली असतं. फक्त टाकीतला पंप उघडा पडू नये एवढं सांभाळायचं. पण जुन्या गाडीवर इंजेक्शन बसवायचं म्हणजे इंजेक्टर घेऊन येणं एवढ्यावर भागत नाही. कार्बोरेटरचा पंप जेमतेम दाबावर चालतो, इंजेक्शनला तीन बारच्या आसपास दाब लागतो. त्यासाठी वेगळा पंप, पक्क्या नळ्या, परतीची लाइन, क्रँकचा सेन्सर, ईसीयू, वायरिंग, आणि मिश्रण दाखवणारा वाइडबँड सेन्सर. एकही कनेक्शन ढिलं राहिलं तर गाडी रेषेवर उभ्या उभ्या मिसिंग करते. त्यापेक्षा एमपीएफआयचीच गाडी मिळाली तर अर्धं काम तिथंच झालं.

मिस्त्रींच्या प्रश्नाकडं परत जाऊ. मोजायला काय आहे? कान आणि प्लगचा रंग एवढंच असेल, तर कार्बोरेटर ठेवावा. फुल थ्रॉटलला धाव घ्यायची, क्लच दाबून इंजिन बंद करायचं, गाडी थांबली की प्लग काढून बघायचा. पांढरा असेल तर लिन, काजळी असेल तर रिच, बिस्किटी रंग असेल तर जमलं. एका वेळी एकच जेट बदलायचा आणि वहीत तापमान, तास, जेटचा आकडा, लागलेला वेळ लिहायचा. ती वही दोन उन्हाळे चालली की तिच्याइतका खरा गुरू दुसरा नाही. वाइडबँड, लॉगिंग आणि नकाशा लिहिणारा जाणता माणूस हाताशी असेल तर इंजेक्शन घ्यावं. दुपारी तापलेल्या पट्टीवर चौथी धावही पहिलीसारखीच निघेल. ड्रॅगमध्ये अखेर आपली झुंज आपल्याच मागच्या धावेशी असते, आणि दोन धावांत फरक का पडला हे सांगता येणं हीच खरी कमाई.

एक गोष्ट मनापासून सांगतो. सोलापूरहून चारी दिशांना रुंद रस्ते निघतात आणि रात्री ते रिकामे दिसतात. ते कुणाच्या घरी परतायचे रस्ते आहेत. धाव पट्टीवरच घ्यायची, तपासणी झालेल्या गाडीनं, डोक्यावर चांगलं हेल्मेट घालून.

त्या दिवशी निघताना मिस्त्रींनी आरएक्सला किक मारली. दुसऱ्या किकला गाडी लागली. कार्बोरेटरवर हात ठेवून ते थोडा वेळ ऐकत राहिले, मग एअर स्क्रू इतका हळू फिरवला की हात हललेला दिसलाही नाही. आवाज मात्र बदलला, जरा बारीक, जरा मोकळा. खिशातून छोटी वही काढली आणि त्या पोराच्या हातात पेन दिलं. "लिही," ते म्हणाले. "ऊन बेचाळीस, स्क्रू दीड फेरा." पोरानं लिहिलं. मला वाटतं, त्याची शर्यत तिथंच सुरू झाली.