प्रश्न उद्भवत नाही

भूम तालुक्यातल्या ईट महसूल मंडळात पाऊस दोन ठिकाणी पडतो : शिवारात आणि पर्जन्यमापकात. शिवारातला पाऊस उभं सोयाबीन झोपवतो, शेंगांना कोंब आणतो, बांध फोडतो. मापकातला पाऊस मात्र आकडा होऊन तहसीलला, तिथून धाराशिवला आणि पुढे मुंबईला जातो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरचा टप्पा ओलांडला तर तो ‘अतिवृष्टी’. त्याच्या अलीकडे थांबला तर नुसताच पाऊस. मंडळातल्या सगळ्या गावांचं नशीब त्या एका भांड्यात गोळा होतं. पाऊस तर असा, की ओढ्याच्या या काठाला धो धो आणि त्या काठाला धूळ.

शेतीवर आमदारांनी विचारलेल्या प्रश्नांना मंत्री काय उत्तरं देतात, हे पाहायचं तर सुरुवात विधानभवनातून न करता या भांड्यापासून करावी. सभागृहात उभं राहून मंत्री जे वाचतात, त्याचा पहिला खर्डा बहुतेक वेळा इथेच कुठेतरी झालेला असतो.

उत्तराचा प्रवास

आमदाराचा तारांकित प्रश्न विधानमंडळ सचिवालयात दाखल होतो. तो स्वीकारला गेला की मंत्रालयातल्या संबंधित विभागाकडे जातो आणि कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावरून खाली उतरायला लागतो. कृषीचा असेल तर पुण्याच्या कृषी आयुक्तालयात, तिथून धाराशिवच्या जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याकडे, मग तालुका कृषी अधिकारी, मंडळ कृषी अधिकारी, आणि शेवटी गावच्या कृषी सहायकाकडे. महसूलचा असेल तर जिल्हाधिकारी, तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी. वरून येणाऱ्या कागदावर ‘विधिमंडळ कामकाज – तात्काळ’ असा शेरा असतो. तो शेरा दिसला की बाकीची कामं बाजूला ठेवून माहिती जुळवली जाते, आणि आलेल्या वाटेनेच अहवाल वर चढतो. प्रत्येक पायरीवर भाषा थोडी घासली जाते. गावात ‘पंचनाम्याला कुणी फिरकलंच नाही’ असलेली गोष्ट मंत्रालयात पोहोचेपर्यंत ‘पंचनाम्याची कार्यवाही प्रगतीपथावर आहे’ अशी होते.

अडचण उघड आहे. तक्रार ज्याच्या कामाबद्दल असते, खुलासाही त्याच्याकडूनच मागवला जातो. पंचनामा झाला नाही असा प्रश्न असेल, तर ज्यांनी तो करायचा होता तेच सांगणार, झाला. मंत्री लबाडी करतात, असं यातून निघत नाही. पुष्कळदा त्यांच्या हाती आलेला कागदच तेवढा असतो.

‘हे खरे आहे काय?’

या प्रश्नांना ठरलेला साचा आहे. ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात होते. मग पहिला भाग : अमुक गावात अमुक झालं, हे खरे आहे काय? दुसरा : असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? तिसरा : चौकशीत काय आढळून आले, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? आणि शेवटचा भाग जवळपास ठरलेलाच : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तरही साच्यातलंच. सरळ ‘होय’ फार कमी. ‘हे अंशतः खरे आहे’ हे जाणत्या आमदाराचं आवडतं उत्तर, कारण त्यात दार किलकिलं असतं. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ आलं की पुढचे सगळे भाग एका ओळीत कोसळतात : ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिली वीट काढली की भिंतच नाही.

म्हणून प्रश्न रचणं हेही कसब आहे. ‘अतिवृष्टीने ईट परिसरात नुकसान झाले, हे खरे आहे काय’ असं विचारलं आणि मापकात ६५ भरले नसतील, तर उत्तर शब्दशः प्रामाणिक राहून ‘हे खरे नाही’ असं येऊ शकतं. शेत वाहून गेलेलं असतं, पण अतिवृष्टी झालेली नसते. ‘सततच्या पावसाने’ असा शब्द घातला तर उत्तर बदलू शकतं. शासनाशी बोलताना शब्द नियमावलीत आहे की नाही, यावर पुष्कळ काही ठरतं. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला, भूम-परंड्यात घरंदारं, जनावरं, मातीसकट शेतं गेली. तेव्हा ‘ओला दुष्काळ’ जाहीर करा ही मागणी गावोगाव उठली. शासनाचं म्हणणं आलं, की ओला दुष्काळ ही संज्ञाच नियमावलीत नाही. दुष्काळातल्या सवलती मात्र देऊ. ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २०२३मध्येही असंच झालं होतं. आधी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यात शेजारचा वाशी होता, भूम नव्हता. नंतर १,०२१ महसूल मंडळांसाठी ‘दुष्काळसदृश’ हा शब्द आला. कोरड पडली ती सारखीच, शब्द मात्र दोन.

उपप्रश्नाची कमाई

हिंदुस्थानातल्या कायदेमंडळांत प्रश्न विचारण्याची मुभा आली ती १८९२च्या कायद्याने. पण तेव्हा उत्तर मिळालं की विषय संपला. उलटून विचारायची सोय नव्हती. उपप्रश्नाची वाट १९०९च्या सुधारणांनी उघडली, तीही मूळ प्रश्नकर्त्यापुरती. त्या मधल्या काळातली एक घटना शेतीशी जोडलेली आहे. १९०१ साली जमीन महसुलाच्या दुरुस्ती विधेयकावर मुंबईच्या कायदेमंडळात आपलं कुणी ऐकत नाही हे पाहून फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे सहकारी सभागृहाबाहेर पडले. दुष्काळाने पिचलेल्या शेतकऱ्याबद्दल सरकारला विचारता येत होतं, अडवता येत नव्हतं.

ईटकडच्या माणसाला तर तेवढंही नव्हतं. हा मुलूख निजामाचा. प्रौढ मतदानाने निवडलेलं सभागृह इथे आलं ते हैदराबाद राज्यात १९५२ साली. १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६०ला महाराष्ट्रात.

छापील उत्तर कागदाचं असतं. मंत्र्याची खरी परीक्षा उपप्रश्नात होते. तिथे खालून आलेला अहवाल पुरत नाही, विषय माहीत असावा लागतो. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले. पाण्याचा आणि दुष्काळाचा विषय निघाला की त्यांच्यापुढे नुसता कागद वाचून भागत नसे. आता प्रश्नोत्तराचा तास गोंधळात वाहून जातो, तेव्हा सगळ्यात आधी हा उपप्रश्न बुडतो. उरतात ती न विचारता छापली जाणारी उत्तरं. २०२५च्या पावसाळी अधिवेशनात तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ फिरला. आपण जाहिरात बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. जुलै संपता संपता त्यांचं खातं बदललं. खरं काय, तो वाद राहू द्या. पण शेतकऱ्याच्या मनात घर करून राहिलं ते सभागृहातलं ते दृश्य.

पात्र, अपात्र, प्रलंबित

काही उत्तरं मात्र आकड्यांनी बोलतात. जून २०१९मध्ये तेव्हाचे मदत व पुनर्वसन मंत्री सुभाष देशमुख यांनी लेखी उत्तर दिलं : २०१५ ते २०१८ या चार वर्षांत राज्यात १२,०२१ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतली ६,८८८ प्रकरणं मदतीस पात्र ठरली. २०२५च्या पावसाळी अधिवेशनात त्याच खात्याचे मंत्री मकरंद जाधव-पाटील यांचं उत्तर आलं : जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत ७६७ आत्महत्या, ३७३ पात्र, २०० अपात्र, १९४ चौकशीवर प्रलंबित.

या आकड्यांपर्यंत आपण पोहोचतो ते कुणीतरी प्रश्न विचारला म्हणून, हे विसरू नये. पण उत्तराची भाषाही वाचावी. नापिकी, थकलेलं कर्ज आणि परतफेडीचा तगादा या निकषांवर जिल्हा समिती मरणाला पात्र-अपात्र ठरवते. पात्र ठरलेल्या घराला एक लाख रुपये मिळतात. ही रक्कम २००५-०६च्या सुमारास ठरली, तेव्हापासून बियाणं, खत, डिझेल कुठल्या कुठे गेलं. कर्ज गावच्या सावकाराचं असेल आणि त्याचा कागद नसेल, तर माणूस गेला तरी कारण सिद्ध होत नाही.

दिल्लीत तर माहिती नसणं हेच उत्तर झालेलं आहे. सप्टेंबर २०२०मध्ये टाळेबंदीत मेलेल्या स्थलांतरित मजुरांबद्दल लोकसभेत विचारलं, तेव्हा अशी माहिती ठेवली जात नाही, असं उत्तर आलं. नोव्हेंबर २०२१मध्ये शेतकरी आंदोलनातल्या मृत्यूंबद्दल कृषी मंत्रालयाने सांगितलं, की याची नोंद नाही, त्यामुळे मदतीचा प्रश्न उद्भवत नाही. मोजलंच नाही, तर उत्तर द्यायलाही लागत नाही.

७२ तास आणि २१ हजार

धाराशिव जिल्ह्याला २०२०चा खरीप अजून आठवतो. काढणीच्या वेळेला पावसाने सोयाबीन भिजवलं. नुकसान झाल्यावर ७२ तासांत विमा कंपनीला कळवलं नाही, या कारणावर लाखो शेतकरी भरपाईबाहेर राहिले. शिवारात गुडघाभर पाणी, फोनला रेंज नाही, आणि नियम ७२ तासांचा. प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेलं आणि मे २०२२मध्ये निकाल जिल्ह्यातल्या सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. सभागृहात जे ‘नियमानुसार कार्यवाही’ या शब्दांत बसलं असतं, ते कोर्टात नियमाच्या हेतूपर्यंत गेलं.

निराधारांचं तर याहून अवघड. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेत विधवा-वृद्धांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट वर्षानुवर्षं २१ हजारांवर अडकलेली. महिन्याला १,७५० रुपयांत घर चालवणाऱ्यालाच १,५०० रुपयांचा आधार. २०२४ला आलेल्या लाडकी बहीण योजनेतही रक्कम १,५००च, पण तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. हे दोन आकडे शेजारी ठेवून विचारलेला प्रश्न ‘हे खरे नाही’ म्हणून उडवता येत नाही. चांगला प्रश्न असा असतो : ज्याचं उत्तर खालून मागवावं लागत नाही, शासनाच्याच दोन निर्णयांत पडलेलं असतं.

आपलाच माणूस मंत्री झाला तर

ईट ज्या परंडा मतदारसंघात येतं, तिथले आमदार तानाजी सावंत २०२२ ते २०२४ आरोग्यमंत्री होते. आपला माणूस मंत्री झाला की गावात फटाके वाजतात. पण मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. मतदारसंघाला मंत्री मिळतो तेव्हा त्याचा विचारणारा जातो, आणि तिथला प्रश्न लातूरच्या किंवा बीडच्या कुणा आमदाराच्या तोंडून यावा लागतो. या सौद्याचा हिशेब मतदार क्वचित मांडतात.

मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द हवेत विरू नये म्हणून आश्वासन समिती असते. लोकसभेत ती १९५३पासून आहे. तिथे आश्वासन पुरं करायला तीन महिन्यांची मुदत ठरलेली. पण आमचे मंत्री जाणते. ‘करू’ म्हटलं तर आश्वासन, ‘तपासून घेऊ’ म्हटलं तर नुसता शिष्टाचार. ‘बैठक लावू’ हे त्या दोन्हींच्या मधलं.

सभागृहातून सगळंच वाया जातं असं नाही. १९७२च्या दुष्काळात हाताला काम देणारी आणि पुढे १९७७च्या कायद्यात बसलेली रोजगार हमी योजना ज्यांच्या विचारातून उभी राहिली, ते वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. ‘मागेल त्याला काम’ हे उत्तर तेव्हा याच विधिमंडळाने दिलं.

राहता राहिलं एक साधं काम. ही छापील उत्तरं विधिमंडळाच्या संकेतस्थळावर येतात आणि तिथेच राहतात. ज्या गावाबद्दल उत्तर दिलं, त्या गावाला ते कधी कळत नाही. १५ ऑगस्टच्या किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ते मोठ्याने वाचून दाखवायला काय हरकत आहे? तलाठी बसलेले असतील, कृषी सहायक असतील, ज्याचं सोयाबीन गेलं तोही मागे भिंतीला टेकून उभा असेल. कुणीतरी वाचेल : ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ मग मागून आवाज येईल, ‘बरं, त्या दिवशी मापकात किती भरलं होतं ते तेवढं सांगा.’

विधानभवनात राहून गेलेला उपप्रश्न तो हाच.