विसराळूपणामागे ‘बी १२’ची कमतरता तर नाही ना?

साठी उलटलेली व्यक्ती सारखी विसरू लागली, चिडचिड करू लागली, की घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. मात्र काही वेळा यामागे ‘बी १२’ जीवनसत्त्वाची कमतरता असते आणि ती भरून काढता येते.

मेंदूशी संबंध काय?
मज्जातंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. त्यामुळे संदेश वेगाने पोहोचतात. हे आवरण टिकण्यासाठी बी १२ लागते. ते कमी पडल्यास हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विस्मरण, नैराश्य अशी लक्षणे दिसू शकतात.

धोका कोणाला?
प्रौढांना रोज जेमतेम दोन ते अडीच मायक्रोग्रॅम बी १२ पुरते. पण ते मांस, मासे, अंडी, दूध-दह्यातून मिळते. डाळ, भाजी-भाकरीतून नाही. त्यामुळे दूधदुभते कमी घेणाऱ्या शाकाहारींना धोका अधिक. उतारवयात त्याचे शोषण घटते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीवरील काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यासही हेच होते. यकृतात साठा असल्याने कमतरता जाणवायला काही वर्षे लागतात.

काय करावे?
प्रत्येक विस्मरण बी १२मुळे होत नाही. पण रक्ततपासणीतून शंका दूर होते. मनाने फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेऊ नयेत. त्याने रक्तक्षय सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी सुरूच राहते. डॉक्टरांच्या सल्ल्याने बी १२च्या गोळ्या वा इंजेक्शन घ्यावे. फार उशीर झाल्यास हानी कायमची राहू शकते.