रस्ता आणि आपण (भाग ९) : धुक्यातली उसाची ट्रॉली

गेल्या आठवड्यात घाटातला उतार पाहिला. या वेळी रस्ता सपाटीचाच आहे, पण दिवस थंडीचे आणि वेळ पहाटेची.

शिरोळ, वाळवा, कराड या पट्ट्यात कारखाने सुरू झाले की पाठोपाठ धुकंही येतं. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, रात्रभरात जमीन गार झालेली आणि पाणी दिलेल्या उसाची ओल हवेत. एवढं जुळलं की जमिनीलगतच्या बाष्पाचे बारीक थेंब होतात. नदीकाठी आणि ओढ्यांवरच्या पुलांपाशी ते जास्तच दाटतात. म्हणूनच स्वच्छ रस्त्यावरून आलेल्याला पुलावर एकाएकी काही दिसेनासं होतं.

५० मीटरच्या आत दिसेनासं झालं की हवामान खातं त्याला अतिदाट धुकं म्हणतं. गाडीत बसून मीटर कसे मोजायचे? रस्त्याकडेचे विजेचे खांब बघा. दोन खांबांत साधारण ५० मीटरच्या आसपास अंतर असतं. आता हिशेब करा. ६०च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. काही दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर तिथेच गेले. दंवाने ओल्या डांबरावर थांबायला आणखी तीसेक मीटर लागतात. म्हणजे पुढचा एकच खांब दिसत असताना ६०ने जाणं म्हणजे धडकेची तयारी. ४०वर हेच सगळं ३० मीटरमध्ये आटोपतं.

अप्पर लावू नका; तो उजेड थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. डिप्परच ठेवा. काच आतून धुरकटली तर एसी लावा, तो हवेतली ओल खेचून घेतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवण्याची पद्धत मात्र सोडावी, कारण मग आपण कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही.

खरी भीती पुढच्या ट्रॉलीची. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागे लोंबणाऱ्या वाढ्यांनी दिवा झाकलेला, रिफ्लेक्टर असला तरी चिखलाने माखलेला. पंक्चर झाली की ती रस्त्यातच उभी राहते. मागे चार दगड आणि उसाचा पाला ठेवतात. ट्रॉली निघून गेली तरी दगड तिथेच राहतात, आणि पहाटे दुधाची किटली घेऊन निघालेल्या दुचाकीवाल्याला ते सापडतात.

रिफ्लेक्टर बसवणं मोटार वाहन नियमांत सांगितलेलंच आहे. प्रत्येक गाडीला रस्त्यावर गाठून तपासणं पोलिसांना जमणार नाही, पण कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक ट्रॉली थांबतेच. तिथे फडकं मारून रिफ्लेक्टर पुसायला आणि नसेल तर लावायला मिनिटभर पुरतं. ज्या ट्रॉलीला तो नाही, तिची पुढची खेप कारखान्याने घेऊ नये. शेतकरी सभासदांनी ही मागणी वार्षिक सभेत नेटाने लावून धरावी.

पुढील भागात : लांबच्या प्रवासातली पहाटेची डुलकी.