ऑइल फिल्टर अडकलाय? जोर नको, जुगत हवी



समजा, मृगाचा पाऊस झालाय. चार दिवसांनी वापसा येईल, पेरणी सुरू होईल. त्याआधी ट्रॅक्टरचं ऑइल बदलून घ्यावं म्हणून तुम्ही सकाळी बसलात. नवं ऑइल आणलं, नवा फिल्टर आणला, जुनं ऑइल घमेल्यात काढलं. आणि फिल्टर काही निघेना! हातानं फिरवला, फडक्यानं धरून फिरवला, शेजारच्याला बोलावलं. शेवटी चिडून हातोडी घेतली आणि फिल्टरचा डबा चेपून ठेवला. आता चेंबरमध्ये ऑइल नाही, फिल्टर कामातून गेला, आणि ट्रॅक्टर मिस्त्रीकडे न्यायचा तरी कसा?

अशी वेळ येऊ नये म्हणून ही चार शब्दांची माहिती.

फिल्टर अडकतो कशानं?

फिल्टर किंवा त्याचं झाकण जिथं इंजिनाला बसतं, तिथं एक रबरी रिंग असते. इंजिन रोज तापतं, रोज निवतं. त्यानं ही रिंग कडक होते आणि लोखंडाला चिकटते. बसवताना रिंगला ऑइल लावलेलं नसलं तर ती जास्तच चिकटते. वर धूळ आणि चिखल बसतो, आटे गंजतात. पण सगळ्यात मोठं कारण आपणच असतो. मागल्या वेळी 'गळायला नको' म्हणून पाना लावून फिल्टर आवळलेला असतो. तो निघणार कसा?

कामाला लागण्याआधी

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. ब्रेक लावा, गिअर न्यूट्रल करा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून बंद करा आणि किल्ली काढून खिशात ठेवा. कोमट इंजिनात ऑइल पातळ होतं, गाळासकट खाली येतं, आणि रबरी रिंगही थोडी नरमते. मात्र इंजिन फार तापलेलं असेल तर हात लावू नका. गरम ऑइल हातावर पडलं तर कातडं सोलून निघतं.

आता महत्त्वाची गोष्ट. जुनं ऑइल काढायच्या आधी फिल्टर हलतोय का ते बघा. खाली घमेलं ठेवा आणि फिल्टर जरासा सैल करून पाहा. हलला तर छान. मग इंजिन चालू न करता चेंबरचा नट काढून ऑइल काढा. नाहीच हलला, तर चेंबरमध्ये ऑइल अजून आहे. ट्रॅक्टर चालवत मिस्त्रीकडे नेता येतो. एवढ्या एका सवयीनं पुढचा सगळा घोटाळा टळतो.

कोणत्या बाजूला फिरवायचा?

इथं भले भले चुकतात. फिल्टरच्या बंद टोकाकडे तोंड करून बघा आणि घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनं फिरवा. फिल्टर खाली लोंबत असेल तर खालून बघून दिशा ठरवा. वरून बघून ठरवलीत तर उलटी होते, आणि सोडवतोय असं समजून तुम्ही तो आवळत बसता.

डब्याचा फिल्टर निघत नसेल तर

१. डबा डिझेलच्या फडक्यानं पुसा आणि मग कोरडा करा. ओशट हाताला पकड येत नाही.

२. डब्याभोवती पॉलिश पेपर खरबरीत बाजू आत करून गुंडाळा, किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळा. दोन्ही हातांनी एकसारखा जोर लावा.

३. तरी नाही हलला तर पट्टा पाना किंवा चेन पाना आणा. तो डब्याच्या मधोमध लावू नका, इंजिनाकडच्या टोकाला लावा. मधला पत्रा पातळ असतो, तो चेपतो. टोकाकडे तो दणकट असतो.

४. डब्यातून आरपार स्क्रू-ड्रायव्हर घालून फिरवायची पद्धत आहे. पण ती शेवटची. बहुतेक वेळा पत्रा फाटतो आणि फिल्टर तिथंच राहतो. शिवाय मधल्या आट्याच्या नळीला इजा झाली तर खर्च वाढतो. फाटलेल्या फिल्टरवर इंजिन एक मिनिटही चालवायचं नाही. म्हणून हे काम मिस्त्रीच्या हातून होऊ द्या.

झाकणाचा किंवा वाटीचा फिल्टर असेल तर

झाकणाला षटकोनी डोकं असेल तर बरोबर मापाचा बॉक्स पाना किंवा रिंग पाना लावा. पाइप पाना किंवा ढिला पाना लावलात की कोपरे झिजतात, आणि मग कुठलाच पाना धरत नाही. पाना पूर्ण खोल बसू द्या आणि हळूहळू जोर वाढवा. झाकण प्लॅस्टिकचं असेल तर ठोकू नका, ते तडकतं.

जुन्या इंजिनात वाटीच्या मधून एकच लांब बोल्ट असतो. तो गंजला असेल तर गंज सोडवायचं तेल टाकून अर्धा तास थांबा, मग सोडवा. बोल्ट निघाला तरी वाटी चिकटून राहिली, तर लाकडी ठोकळ्यानं कडेकडेनं हलकेच ठोका. फटीत छिन्नी घालून उचकटू नका. बसायच्या जागेवर ओरखडा पडला की नवी रिंग घालूनही ऑइल गळतं. आतली स्प्रिंग आणि वॉशर कोणत्या क्रमानं निघाले, त्याच क्रमानं फडक्यावर मांडून ठेवा.

दिवटी किंवा गॅसची आच मात्र कधीही देऊ नका. ऑइल आणि डिझेल जवळच असतं.

निघाला! आता जपून

जुनी रबरी रिंग फिल्टरबरोबर आली का ते बघा. पुष्कळदा ती इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवी रिंग बसली तर दाबानं ऑइल भसाभसा बाहेर येतं, बेरिंगा कोरड्या पडतात आणि काही मिनिटांत इंजिन जाम होतं. दहा रुपयांची रिंग इंजिनाचं काम काढते ते असं.

जागा स्वच्छ पुसा. नव्या रिंगला बोटानं नवं ऑइल लावा. फिल्टर हातानं फिरवा. रिंग टेकली की पुढं साधारण पाऊण फेरा, तोही हातानंच. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर तसं करा. पाना लावायचा नाही. झाकणाचा फिल्टर असेल तर पुस्तिकेत सांगितलंय तेवढंच आवळा.

चेंबरचा नट बसवा, ऑइल खुणेपर्यंत भरा. इंजिन हळू चालू करा. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, काटा असेल तर वर चढला पाहिजे. नाही झालं तर लगेच बंद करा. गळती बघा. इंजिन बंद करून पाच मिनिटांनी ऑइलपट्टी परत तपासा आणि कमी असेल तेवढं भरा. किती तासांना ऑइल बदललं ते पत्र्याच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवा.

जळकं ऑइल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. जनावरांच्या जखमेवरही लावू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. काम झालं की हात साबणानं धुवा.

ध्यानात ठेवा

• आधी फिल्टर हलवून बघा, मगच ऑइल काढा.
• दिशा फिल्टरच्या बंद टोकाकडून ठरवा.
• जुनी रिंग निघाल्याची खात्री करा.
• नव्या रिंगला ऑइल लावा. डब्याचा फिल्टर हातानंच आवळा.

आज हातानं बेतानं बसवलेला फिल्टर पुढल्या खेपेला हातानंच निघेल. पेरणीच्या तोंडावर एक दिवस वाचला, तर तो शेतात कामी येतो.