ती खाज नायट्याची नसून गाजर गवताचीही असू शकते

बोथ (प्रतिनिधी) : आपले तेलुगू शेजारी ज्याला वय्यारिभामा म्हणतात, ते किनवटकडं गाजर गवत, कुठं काँग्रेस गवत. नाव काही घ्या, बांधावर बारीक पांढऱ्या फुलांचं जे माजलंय ते हेच. भारतात त्याची नोंद 1955 साली पुण्यात झाली. त्यापासून होणाऱ्या त्वचारोगाचे रुग्णही पुण्यातच नोंदले गेले.

पापण्या, मान, कोपराची घडी इथं खाज सुटते, पुढं कातडी जाड आणि काळी पडते. माणूस नायटा समजून मेडिकलवरून ट्यूब आणतो. दोन दिवस बरं वाटतं, कारण अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. मनानंच महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, आणि खरंच नायटा असेल तर तो आणखी पसरतो.

"दहा वर्षं तेच गवत उपटतोय, मग आताच कसं?" हा नेहमीचा प्रश्न. मी कॉमर्सचा माणूस, मला हे उधारीच्या खात्यासारखं वाटतं. शरीर आधी नुसती नोंद करतं. एकदा का ते गवत शत्रू ठरलं, की थोड्याशा धुळीनंही वसुली सुरू होते. तीही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. सोमवारी गवत उपटलं, बुधवारी खाज आली, आणि दोष बुधवारच्या वांग्याच्या भाजीला!

ही उशिराची अ‍ॅलर्जी रक्त तपासून सापडत नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात, दोन दिवसांनी काढतात आणि नंतर पुन्हा बघतात. याच गवताच्या परागानं शिंका, दमा होतो तो प्रकार वेगळा, तो काही मिनिटांतच उठतो.

ज्याला त्रास आहे त्यानं गवत उपटूच नये, घरातल्या दुसऱ्यानं उपटावं. फुलं यायच्या आत, जमीन ओली असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. वाळलेल्या गवताची धूळही बाधते, म्हणून शेतातले कपडे वेगळे धुवा. काहींना उन्हानं त्रास वाढतो. शेवंती याच कुळातली, तेव्हा बतुकम्माची फुलं रचतानाही जपा.

श्वास लागला, ओठ-जीभ सुजली तर मात्र ट्यूब शोधत बसू नका. 108 नंबर तेलंगणात चालतो, महाराष्ट्रातही चालतो.