गुडघ्याची दोरी आणि वर्षाचा धीर



बांधावरून पाय घसरला, बैलाने ढुशी दिली किंवा गाडी अंगावर पडली, की आपण म्हणतो, ‘गुडघा मुरगळला, होईल बरा.’ मीही तसेच म्हणालो होतो. २००९ च्या पावसाळ्यात शिवारफेरीहून परतताना चिखलात माझी मोटारसायकल घसरली आणि उजवा गुडघा पिळवटला. तासा-दोन तासांत तो टम्म सुजला. पहिले तीन आठवडे मी लेप लावण्यात आणि चोळण्यात घालवले. सूज उतरली, पण वळताना गुडघा निसटू लागला. तेव्हा कुठे अस्थितज्ज्ञांकडे गेलो.

गुडघा बांधून ठेवणाऱ्या मुख्य दोऱ्या चार. डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात. दोन सांध्याच्या मधोमध एकमेकींना छेदून जातात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. मांडवाचा एक ताण तुटला तर मांडव तग धरतो. दोन तुटले की कलतो. माझ्या दोन तुटल्या होत्या, पुढची आणि आतली. आतली पट्टा बांधून सांभाळल्यावर जुळून आली. पुढची सहसा आपोआप जुळत नाही. म्हणून मांडीच्या मागची शीर घेऊन तिची नवी दोरी बसवली.

आंब्याचे कलम लावल्यावर पहिल्या वर्षी मोहोर आला तर आपण काय करतो? खुडून टाकतो. कलम जगले म्हणजे फळ पेलण्याइतके झाले असे नव्हे. नव्या दोरीचेही तसेच. पहिले काही महिने ती उलट कमजोर होते. मग तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि ती हळूहळू पक्की होते. त्याला नऊ महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागते. दुखणे मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबते, आणि माणूस फसतो तो इथेच. पाचव्या महिन्यात मी पाण्याची चारी उडी मारून ओलांडली. गुडघा पुन्हा सुजला. दोरी वाचली हे नशीब! त्या दिवसापासून सांगितलेला व्यायाम मी चुकवला नाही.

आता पंधरा वर्षे उलटून गेली. मी शिवार चालतो, गाडी चालवतो. पण उकिडवे बसवत नाही. गाईची धार स्टुलावर बसून काढतो. थंडीत सकाळी गुडघा आखडतो. एक्स-रेत झीज दिसते. यात नवल नाही. दोन-तीन दोऱ्या तुटूनही योग्य उपचार मिळालेले बहुतेक लोक चालू-फिरू लागतात. पूर्वीइतके जड काम करणारे त्याहून कमी. दहा-पंधरा वर्षांत अनेकांच्या सांध्याची झीज सुरू होते. गादी फाटली असेल, वजन वाढले असेल किंवा उपचारांना उशीर झाला असेल, तर झीज लवकर गाठते. ऑपरेशनने गुडघा स्थिर होतो, कोरा होत नाही.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. गुडघा निखळला असेल, पाऊल थंड किंवा पांढरे पडले असेल, तर गुडघ्यामागची रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते. सहा-आठ तासांत उपचार न झाल्यास पाय गमावण्याची वेळ येते. पाऊल बधिर झाले किंवा वर उचलेनासे झाले, तर मज्जातंतूला मार बसलेला असू शकतो. अशा वेळी चोळू नका, ओढू नका. फळी बांधून थेट मोठ्या रुग्णालयात न्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का, हे तेथील आरोग्यमित्रांना विचारा.

आणि ऑपरेशनच्या खर्चाबरोबर पुढच्या वर्षाच्या कामाचाही हिशेब घरात बसून करा. धार कोण काढणार, वैरणीचा भारा कोण आणणार, पोती कोण उचलणार? माझ्या घरी ही कामे मंडळींनी आणि मुलाने वाटून घेतली. मी संध्याकाळी ओसरीवर पाय लांब करून मांडीचा व्यायाम करीत बसे, तेव्हा लाज वाटे. आज वाटते, घरच्यांनी ते एक वर्ष दिले, म्हणून ही पंधरा वर्षे चालता आले. तुमच्या घरी असा कोणी जायबंदी झाला, तर त्याला कामाची घाई करू नका. त्याला वर्ष द्या.