चिमणीची उंची आणि दम्याचा पंप

दम्याच्या रुग्णाकडे धूळ, उदबत्ती, गादी, घरातली मांजर, साऱ्यांची चौकशी होते. राजपत्राची होत नाही. खरे तर व्हायला हवी.

७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कोळशावरच्या वीज प्रकल्पांसाठी नवे निकष काढले. तोवर त्यांच्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादाच नव्हती; चिमणी पुरेशी उंच असली की भागत असे. आता वायूचे प्रमाण ठरले आणि मुदत मिळाली दोन वर्षांची. बहुतेक प्रकल्पांसाठी याचा अर्थ एकच: धूर चुनखडीच्या पाण्याने धुणारी ‘एफजीडी’ यंत्रणा बसवणे.

मग मुदती सरकू लागल्या. आधी २०२२. एप्रिल २०२१ मध्ये प्रकल्पांचे तीन गट पडले: दिल्ली परिसर व दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतले ‘अ’, अतिप्रदूषित क्षेत्रे व हवेचे निकष न गाठणाऱ्या शहरांजवळचे ‘ब’, उरलेले ‘क’. पुढे २०२२ मध्ये आणखी दोन वर्षे, २०२४ च्या अखेरीस आणखी तीन. जुलै २०२५ मध्ये ‘क’ गटाला सूटच मिळाली, अट चिमणीच्या उंचीची. ‘ब’चा निर्णय प्रकल्पागणिक, ‘अ’ला डिसेंबर २०२७. देशातले तीन-चतुर्थांशाहून अधिक संच ‘क’मध्ये आहेत. दहा वर्षांनी गाडी पुन्हा चिमणीपाशीच!

सरकार म्हणते, आपल्या कोळशात गंधक कमी, हवेतला वायू मर्यादेत, यंत्रणा महाग. हे खोटे नाही, पण अर्धे आहे. हा वायू हवेत वायू म्हणून टिकत नाही. तासा-दिवसांत त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात, शेकडो किलोमीटर जातात आणि मोजले जातात पीएम २.५ च्या रकान्यात. उंच चिमणी धूर लांब नेते, कमी करत नाही. हे कण वायुकोशांपर्यंत पोहोचतात. हृदयविकार आणि पक्षाघाताशी त्यांचा संबंध पक्का आहे. शिवाय ‘मर्यादेत’ म्हणजे किती? आपली २४ तासांची मर्यादा ८० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची ४०. धावताना तोंडाने श्वास घेणाऱ्या दमेकरी मुलाची श्वासनलिका या वायूने काही मिनिटांत आवळू शकते.

चंद्रपूर हे अतिप्रदूषित क्षेत्र, आणि २,९२० मेगावॅटचे वीज केंद्र शहराला लागूनच. ‘ब’ गटाची व्याख्या इथे नेमकी लागू पडते. म्हणजे इथला निर्णय सरसकट नव्हे, स्वतंत्र होणार, आणि तो होताना विचारायला वाव आहे.

एक तरतूद सहसा कुणाच्या नजरेत येत नाही. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ केंद्रापेक्षा कडक निकष लावू शकते. प्रकल्पाला मंडळाचे संमतीपत्र लागते. त्यात सल्फर डायऑक्साइडपुढे कोणता आकडा आणि कोणती तारीख आहे, हे मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते.